संध्याकाळी सातची भूक: पोट भरेल आणि वजनही उतरेल असं घरचं काय खावं?

सहकारनगरची_कारकून

नमस्कार मंडळी.

वय ४७, उंची पाच फूट दोन इंच, वजन ६८ किलो. साखर काठावर आली आहे. डॉक्टर म्हणाले, गोळी आत्ता नको, आधी सहा-सात किलो उतरवा, मग बघू. उतरवा म्हणायला त्यांचं काय जातं!

माझा दिवस असा. सकाळी आठला पोहे किंवा उपमा, मग पीएमपीची बस धरून शिवाजीनगरला ऑफिस. दीडला डबा, दोन पोळ्या आणि भाजी. भाजी डब्याच्या लहान खणात मावेल तेवढीच. साडेपाचला चहा आणि त्यासोबत कुणी ना कुणी फोडलेला बिस्किटांचा पुडा. घरी पोचायला सव्वासात. खांद्यावरची पर्स उतरायच्या आत शेवेचा डबा उघडलेला असतो. ओट्यापाशी उभ्या उभ्या शेव, दाणे, चिवडा, जे हाताला लागेल ते, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत. नऊला सगळ्यांबरोबर पानावर बसते तेव्हा ‘वजन कमी करतेय’ म्हणून एकच पोळी घेते आणि सासूबाई कौतुकानं बघतात. शेवेचं त्यांना माहीत नाही. माहीत असेलही.

रात्री फक्त सूप आणि सॅलड हे करून झालं. अकरा वाजता पोटात कावळे ओरडायला लागतात आणि मग जे खाल्लं जातं त्याचा हिशोब इथे देत नाही.

घरात पाच माणसं, त्यामुळे माझ्यासाठी वेगळा स्वयंपाक होणार नाही. आम्ही शाकाहारी, अंडं चालतं, पण सोमवारी आणि गुरुवारी नाही. पावडरी, चिया, ॲव्होकॅडो सुचवू नका. दोनदाच जेवा म्हणणारे आणि दर दोन तासांनी खा म्हणणारे, या दोन्ही पक्षांनी कृपया इथे सभा घेऊ नयेत, आमच्या ऑफिसात रोज होतात.

प्रश्न एवढाच आहे: असं साधं, घरचं काय आहे की ते खाल्ल्यावर तीन-चार तास शेवेच्या डब्याकडे हात जात नाही?

टेकडीनाना

शेव विकत आणू नका. प्रश्न मिटला.

रोज पहाटे तळजाई टेकडी. तुम्हाला तर दारातच आहे. आम्ही एरंडवण्यातून येतो.

पेठेतली_मेसवाली

नाना, पाच माणसांच्या घरात शेव आणायची की नाही हे कोण ठरवतं, तेही लिहा की.

ताई, मी काही आहारतज्ज्ञ नाही. सदाशिव पेठेत पेरूगेटाजवळ माझी मेस होती. वीसेक वर्षं चालवली, कोविडात बंद पडली ती पडलीच. येणारी पोरं-पोरी बहुतेक स्पर्धा परीक्षांची. लातूर, बीड, नांदेड, सोलापूरकडची. महिन्याचे पैसे ठरलेले आणि पोळ्या हव्या तेवढ्या. तेव्हा पोट कशानं भरतं हा प्रश्न तुम्हाला वजनापायी पडलाय, मला तो कणकेच्या पोत्यापायी पडायचा. उत्तर दोघींचं एकच आहे.

आमच्या पोळ्या लाटणाऱ्या मावशी भाजी बघून कणीक भिजवायच्या. बटाट्याच्या काचऱ्या दिसल्या की म्हणायच्या, आज दीडपट लागणार. त्याच बटाट्यांचा उकडून रस्सा केला की नेहमीएवढीच कणीक पुरायची. तेल, मीठ आणि कुरकुरीतपणा आला की माणूस जेवत नाही, चरतो. मटकीची उसळ दाट असली की पोरं तिसऱ्या पोळीला हात आखडायची. तीच उसळ महिनाअखेरीला पाणी घालून वाढवली की पाचवी पोळी मागायची. डाळीत वाचवलेला पैसा कणकेत जायचा, वर पोरांची तोंडं वाकडी. पुढे मी उसळीत काटकसर करणंच सोडलं.

भात आणि पातळ वरण असलं की वाढणाऱ्याचा हात थांबायचा नाही, आणि साडेदहाला हीच मंडळी अभ्यासिकेतून खाली उतरून टपरीवर वडापाव खाताना दिसायची. पिठलं-भाकरी असली की टपरीवर आमच्यातलं कुणी नसायचं. हे एकदा-दोनदाचं सांगत नाही, ठरलेलं होतं.

आणखी एक. पान वाढताना आम्ही पोळी शेवटी वाढायचो. आधी कोशिंबीर, उसळ, ताक. पोळ्या तव्यावरून उतरेपर्यंत पोरं उसळ नुसतीच खात बसायची. चार पोळ्यांचा गडी त्या दिवशी तीन खायचा आणि उठताना ढेकर देऊन उठायचा. ‘पोळ्या लवकर आणा’ म्हणून ओरडणारे असायचेच, त्यांना म्हणायचे, आणते हं, उसळ घे तोवर.

आता तुमच्या दिवसाकडे येते. माझ्या मते तुमची भूक सातची नाहीच, दीडची आहे. दोन पोळ्या आणि डावभर भाजी हे जेवण झालं का? डब्याचे खण बदला. मोठ्या खणात उसळ किंवा डाळ घातलेली भाजी, लहान खणात पोळी. उसळ अशी दाट हवी की पोळी संपली तरी चमच्यानं खाता येईल. सोबत काकडी, गाजर, मुळा, जे मिळेल ते, आणि ताकाची बाटली. भाजी करायची तर दुधी-चणाडाळ करा, डाळ-मेथी करा, दाणे आणि चणाडाळ घातलेली पालकाची पातळ भाजी करा, कोबीत मूगडाळ घाला. आपल्या आज्यांनी भाजीत डाळ उगीच घातली नव्हती, पाच जणांना भाजी पुरवायची होती त्यांना.

दाट उसळीसाठी खोबरं आणि कूट ओतायची गरज नाही. मटकी शिजत आली की त्यातली एक पळी काढून खलबत्त्यात चेचायची आणि परत आत ढकलायची. दोन उकळ्या आल्या की रस आपोआप दाट होतो. मटकी मात्र गाळ शिजवू नका, दाणा बोटात दाबला तर दबावा पण फुटू नये. चावावं लागलं पाहिजे. मोडांचं म्हणाल तर शनिवारी रात्री मटकी आणि मूग वेगवेगळे भिजवायचे, रविवारी सकाळी उपसून फडक्यात बांधायचे, सोमवारी मोड तयार. फ्रीजमध्ये डब्यात ठेवले की गुरुवारपर्यंत काळजी नाही.

सकाळचे पोहे सोडू नका. पोहे एकटे खाता म्हणून अकराला पोट रिकामं. निम्मे पोहे आणि निम्मे वाफवलेले मोडाचे मूग किंवा मटार घाला, बाकी फोडणी तीच. किंवा हिरवे मूग रात्री भिजवून सकाळी आलं-मिरची-जिऱ्यासकट वाटून धिरडी घाला. दोन धिरडी आणि वाटीभर दही. घरातली बाकीची चार माणसंही खातील, वेगळं काही करावं लागणार नाही.

साडेपाचला बिस्किटाऐवजी फुटाणे, सालासकट, मूठभर. चहा राहू दे.

आणि सव्वासातला जे खाता ते बंद करू नका. उभ्यानं खाता ते बंद करा. त्या वेळेला भूक खरी असते, तिच्याशी भांडून उपयोग नाही. पर्स ठेवा, हातपाय धुवा, खुर्चीवर बसा आणि सकाळची वाटीभर उसळ गरम करून खा. अंड्याच्या दिवशी दोन उकडलेली अंडी आणि टोमॅटो. मग लागा स्वयंपाकाला. नऊला एक पोळी घेता, तेव्हा ती खरंच एक पोळी होईल.

फेज_थ्री

काकू, मेस आम्ही पुण्यात आलो तेव्हा चालू होती का? एक पेरूगेटाजवळची आठवते, तिथे रविवारी पुरी-श्रीखंड असायचं.

मी हिंजवडीत आहे, वय ३६. कंपनीच्या बसमध्ये संध्याकाळचे दीड तास जातात आणि बसमध्ये बसलं की हात बॅगेतल्या पाकिटाकडे जातो. माझं पाकीट ‘मल्टिग्रेन’ असायचं, म्हणून मला ते पौष्टिक वाटायचं.

मला ज्यानं पटलं ते सांगतो. २०१९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांच्या गटानं २० माणसांना महिनाभर रुग्णालयातच ठेवून घेतलं. दोन आठवडे कारखान्यात बनलेलं पाकिटबंद, अतिप्रक्रिया केलेलं खाणं आणि दोन आठवडे साधं शिजवलेलं. दोन्ही वेळा पुढ्यात ठेवलेल्या खाण्यात कॅलरी, साखर, चरबी, फायबर, मीठ जवळपास सारखं, आणि हवं तेवढं खायची मुभा. पाकिटाच्या दोन आठवड्यांत माणसं दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊन गेली आणि सरासरी जवळजवळ एक किलोनं वाढली. साध्या खाण्यावर तेवढंच वजन उतरलं. कुणी त्यांना कमी खा म्हटलं नव्हतं. पाकिटातलं खाणं मऊ असतं, भराभर गिळलं जातं, त्यामुळे पोट भरल्याचा निरोप वर पोचेपर्यंत खाऊन झालेलं असतं. तिथेही लोक पाकिटाचं खाणं जास्त वेगानं खाताना आढळले.

मोड काढणं मला जमत नाही. फ्लॅटमध्ये आम्ही तिघं, तिघांनाही भिजवलेलं विसरायची सवय. मंडईत आणि आता वाकडलाही भाजीवाल्यांकडे मोडाची मटकी सुटी मिळते. कांदा-टोमॅटो-लिंबू घालून, वाफवून खातो. दही घरी लावतो. अंडी रविवारी एकदम उकडून ठेवतो. बसमध्ये फुटाणे आणि पेरू. पेरू खायला वेळ लागतो, तो संपेपर्यंत चांदणी चौक येतो. पावसाळ्यात पेरूऐवजी मक्याचं कणीस, लोण्याशिवाय.

एक शंका. पीनट बटर हे प्रोटीन आहे म्हणून मी चमच्यानं खातो, ते चालू ठेवू का?

पथ्यपाणी

मी कोथरूडला आहारसल्ला देते. काकूंनी जे सांगितलं ते बहुतेक मी पैसे घेऊन सांगते, तेव्हा मुकाट्यानं मान्य करते. पण दोन-तीन ठिकाणी अडवणार आहे.

आधी काचऱ्या आणि रस्सा. १९९५ मध्ये सिडनी विद्यापीठात सुझाना होल्ट आणि सहकाऱ्यांनी ३८ पदार्थ तपासले. प्रत्येक पदार्थ २४० कॅलरींचा मोजून दिला आणि पुढचे दोन तास दर पंधरा मिनिटांनी पोट किती भरलंय हे विचारलं. पांढऱ्या ब्रेडला १०० गुण धरले. सगळ्यात वर आला उकडलेला बटाटा, ३२३ गुण. त्याच बटाट्याचे तळलेले फ्रेंच फ्राइज ११६. ओटची लापशी २०९, संत्रं २०२, सफरचंद १९७, अंडी १५०. खाली शेंगदाणे ८४, केक ६५ आणि तळाला क्रोसाँ ४७. म्हणजे लाटणाऱ्या मावशींचा अंदाज चोख होता.

कारण सरळ आहे. २४० कॅलरींचा उकडलेला बटाटा पाव किलोच्या वर भरतो, २४० कॅलरींचे शेंगदाणे मुठीत मावतात. जठर ताणलं गेलं की मज्जातंतूंतून मेंदूला निरोप जातो. त्याला कॅलरी मोजता येत नाहीत, आकारमान कळतं. पाणी आणि चोथा असलेला पदार्थ कमी कॅलरीत जागा व्यापतो. प्रथिनं आणि चोथा आतड्यात पोचले की जीएलपी-१, पीवायवाय अशी संप्रेरकं सुटतात आणि भूक लांबते. हल्ली वजनाच्या ज्या इंजेक्शनांची चर्चा आहे ती याच जीएलपी-१ची नक्कल करतात. ती औषधं आहेत, उसळ त्यांच्याइतकी ताकदवान नाही, पण वाट तीच.

आता अडवते. त्या तक्त्यात मसुराला १३३ आणि पांढऱ्या भाताला १३८ गुण होते. म्हणजे भात बापडा एवढा वाईट नाही, आणि तक्ताही देवघरात लावण्याजोगा नाही: एकेका पदार्थाला अकरा ते तेरा माणसं, आणि फक्त दोन तास. काकूंच्या पोरांना रात्री साडेदहाला लागलेली भूक त्या दोन तासांत दिसलीच नसती. शिवाय वरण पातळ असलं की डाळ किती आणि पाणी किती, हे मेसवाल्यांनाच माहीत.

दुसरं, भाकरी. व्हॉट्सॲपवर भाकरीला फार मान आहे. आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यात १०० ग्रॅम ज्वारीच्या आणि १०० ग्रॅम कणकेच्या कॅलरी जवळजवळ सारख्याच आहेत, ३२० ते ३३५ च्या दरम्यान. चोथाही दोन्हीकडे १० ते ११ ग्रॅम. फरक एवढाच की भाकरीला तेल लागत नाही आणि घडीच्या पोळीला आत-बाहेर लागतं. आणि एका मोठ्या भाकरीला दोन पोळ्यांपेक्षाही जास्त पीठ जातं. ‘पोळ्या बंद केल्या, आता दोनच भाकरी खाते’ असं सांगणाऱ्या माझ्याकडे आठवड्याला भेटतात.

तिसरं, तेल. एका चहाच्या चमच्याला ४५ कॅलरी आणि त्यानं पोट तसूभरही भरत नाही. पीठ पेरलेली भाजी आणि वांग्याच्या काचऱ्या तेल पितात. पिठल्यालाही पळीनं तेल घालणारी घरं आहेत. फोडणी चमच्यानं मोजा, बाटलीतून ओतू नका, बाकी स्वयंपाक आहे तसा राहू द्या.

प्रथिनांचं गणित: आपल्याकडची शिफारस किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे ६८ किलोला सुमारे ५६ ग्रॅम. तुमच्या लिहिलेल्या दिवसात डाळ-उसळ-दही कुठेच दिसत नाही. वाटीभर दाट उसळीत सातेक ग्रॅम, एका अंड्यात सहा, वाटीभर दह्यात चार-पाच. काकूंचा डबा, सातची वाटी आणि सकाळची धिरडी धरली तर घरात काही नवं न आणता आकडा गाठता येतो.

फेज_थ्री, पीनट बटर चमच्यानं खाणं बंद करा. शेंगदाण्यात प्रथिनं १०० ग्रॅमला २५ आहेत हे खरं, पण निम्म्याच्या आसपास तेल आहे. कोशिंबिरीवर कूट घाला, चमचाभर.

ताई, वजनासोबत कंबर मोजा, बेंबीच्या पातळीला, टेपनं. भारतीय बायकांसाठी ८० सेंटीमीटर ही सीमा धरतात, पुरुषांसाठी ९०. याचं कारण पुण्याशीच जोडलेलं आहे. आपल्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन यूडकिन या दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, अगदी सारखा होता, २२.३. शरीरातली चरबी मोजली तर यूडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२. दोघांचा शेजारी-शेजारी फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दिसायला सडपातळ आणि आतून चरबी, हे आपल्याकडे सर्रास. म्हणूनच आपल्यासाठी बीएमआयच्या सीमाही खाली आणल्या आहेत, २३ पासून जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा. तुमचा २७ च्या थोडा वर येतो, तेव्हा डॉक्टर योग्य तेच सांगताहेत.

आठवड्याला अर्धा किलो उतरलं तर पुष्कळ झालं. उसळींची सवय नसेल तर पहिले काही दिवस एकच वेळ खा, पाणी वाढवा, नाहीतर गॅसनं हैराण व्हाल आणि मला शिव्या घालाल. उसळीच्या फोडणीत हिंग, आणि ताकात जिरं. मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन चालू असलेल्यांनी खाणं अचानक बदलू नये, साखर एकदम खाली जाऊ शकते. आणि किडनीचा त्रास असलेल्यांनी प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारायचं. ताईंची गोळी नाही, पण धागा बाकीचेही वाचताहेत.

पेठेतली_मेसवाली

भाकरीचं पीठ मोजून दाखवलंत ते बरं केलं. मान्य. पण एक सांगते, जे तुमच्या तक्त्यात येणार नाही. पोळ्या डब्यात चवड लावून ठेवलेल्या असतात, हात घातला की दुसरी मिळते. भाकरी एकेक थापून, फुगवून येते. एक खाऊन झाली आणि दुसरी यायला पाच-सात मिनिटं लागली की निम्मी पोरं म्हणायची, राहू द्या काकू, ताक द्या. भाकऱ्या आधीच करून चवड लावून ठेवल्या तर हा फायदा नाही, हे माझं मी बघितलंय.

पिठल्यात पळीनं तेल घालणारी मी नव्हे. फेज_थ्री, पुरी-श्रीखंड आमच्याकडे दसऱ्याला. दर रविवारचं म्हणताय तर ती दुसरी मेस.

टेकडीनाना

पोळ्यांचं, उसळींचं झालं. चालण्याचं कुणीच बोलेना.

पथ्यपाणी

नाना, चाला, जरूर चाला. साखरेला, कंबरेला, झोपेला सगळ्याला चांगलं. पण तळजाईहून उतरून सारसबागेपाशी जी भेळ खाल्ली जाते ती एका टेकडीत भरून निघत नाही.

टेकडीनाना

भेळ आम्ही खात नाही. मिसळ खातो. तीही रविवारी.

सहकारनगरची_कारकून

सगळ्यांचे मनापासून आभार. धागा सासूबाईंना वाचून दाखवला. शेवेचं त्यांना माहीत होतं. एवढंच नव्हे तर डबा कपाटाच्या वरच्या फळीवर त्यांनीच हलवला होता आणि मी स्टूल घेऊन काढत होते तेही त्यांना माहीत होतं.

सोमवारपासून डब्याचे खण बदलले. मोठ्या खणात चवळीची उसळ नेली तर शेजारच्या टेबलावरच्या मॅडमनी विचारलं, आज पोळ्या विसरलात का. पेरूही नेतेय. साडेपाचला फुटाणे खाल्ले की बिस्किटाचा पुडा फिरतो तेव्हा पुढे ढकलणं सोपं जातं, असं आत्ता तरी वाटतंय. कंबर मोजली. आकडा इथे लिहीत नाही, ८० नाही एवढंच सांगते.

सातला बसून खायचं मात्र अवघड आहे. मी बसले की मुलगा विचारतो, ‘आई, बरं नाही का?’ त्यालाही वाटी दिली, आता दोघं खातो. त्यानं वर कच्चा कांदा आणि थोडी शेव घातली. थोडीच होती, मी मोजली.

आता पुढची अडचण. घरात संकष्टी असते, श्रावणात सोमवार असतात, आषाढी-कार्तिकी आहेच. साबुदाण्याची खिचडी ही आमच्याकडे उपासाची नव्हे, सणाचीच गोष्ट आहे, आणि सासूबाईंच्या हातची खिचडी नाकारणं मला जमणार नाही, जमवायचंही नाही. पण खिचडी खाल्ल्यावर दुपारी जी झोप येते आणि चारला जी भूक लागते तिचं काय करू? संकष्टीला तर चंद्रोदय कधी नऊ, कधी साडेनऊ. मोदक होईपर्यंत जीव जातो.

पथ्यपाणी

साबुदाणा म्हणजे जवळपास शुद्ध स्टार्च, प्रथिनं नावापुरती, चोथा नाही. वर कूट, तूप आणि उकडलेला-परतलेला बटाटा. कॅलरी भरपूर आणि साखर झपकन वर जाऊन झपकन खाली. तुमची साखर काठावर आहे म्हणून हे जास्त महत्त्वाचं. खिचडी वाटीभर घ्या आणि त्याच पानात वाटीभर दही आणि काकडीची कोशिंबीर घ्या. आधी काकडी, मग खिचडी, काकूंच्या पोळीसारखं. दुसऱ्यांदा खिचडी घेण्याऐवजी उकडलेलं रताळं, सालासकट उकडून. १०० ग्रॅमला कॅलरी शंभराच्या आसपास आणि चोथाही मिळतो. राजगिऱ्याच्या पिठात १०० ग्रॅमला १३-१४ ग्रॅम प्रथिनं आहेत, उपासाच्या पिठांत ते सगळ्यात उजवं. राजगिऱ्याचा लाडू मात्र गुळाचा असतो हे लक्षात ठेवा, तो राजगिरा म्हणून मोजायचा नाही.

पेठेतली_मेसवाली

मेसमध्ये एकादशीला अर्धी पोरं उपास करायची, देवासाठी कमी आणि खिचडीसाठी जास्त. तीच पोरं चारला खोलीवरून खाली येऊन विचारायची, काकू, काही आहे का. मग मी खिचडी कमी केली आणि सोबत लाल भोपळ्याचं दह्यातलं भरीत ठेवायला लागले. भोपळा वाफवायचा, कुस्करायचा, दही, मीठ, जिरं-मिरचीची तुपातली फोडणी. स्वस्त, वाटीभर खाल्लं तरी जड नाही. पोरांनी आधी नाकं मुरडली, नंतर मागून घ्यायला लागली.

संकष्टीला दुपारी खिचडी खाऊ नका, तिथेच गडबड होते. दुपारी राजगिऱ्याचं थालीपीठ, दही आणि हे भरीत. साडेपाचला ऑफिसात ताक आणि एखादं फळ. खिचडी घरी आल्यावर सातला, वाटीभर, तुमच्या मुलाबरोबर. मग नऊ-साडेनऊपर्यंत मोदक वळायला अंगात बळ राहतं. सासूबाईंना सांगा, खिचडी तुमच्याच हातची, फक्त वेळ बदललीय.

राजगिऱ्याचं पीठ नुसतं भिजवलंत तर थापताना चिरा पडतात. त्यात एक उकडलेलं रताळं किसून घाला, जिरं-मिरची वाटून घाला, पाणी अगदी बेतानं. ओल्या फडक्यावर थापा आणि फडक्यासकट तव्यावर उलटं करा. मधे भोक पाडायला विसरू नका, तिथे अर्धा चमचा तूप सोडलं की कडेला वेगळं सोडावं लागत नाही.